यंत्राचे आप्तत्व

मुंबईच्या किनाऱ्यापासून लोहमार्गाने सुमारे हजार किलोमीटर आत, जेथे महाराष्ट्राची हद्द संपत येते आणि छत्तीसगडचे डोंगर दिसू लागतात, अशा सालेकसा गावी बसून दर्यावर्दी नौकेवर कोणती दिशादर्शक यंत्रे घ्यावीत व त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी याची चर्चा करणे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु हा प्रश्न मुळात समुद्राचा नसून प्रमाणाचा, म्हणजे ज्ञान कशाच्या आधारे खरे मानावे याचा आहे, आणि प्रमाणाचा कसून विचार करणारे आपले कित्येक धुरंधर नैयायिक मिथिलेसारख्या समुद्रापासून दूरच्या प्रांतातच जन्मले.

नौकेच्या पडद्यावरील ठिपका हे प्रत्यक्ष ज्ञान नव्हे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ व आपले स्थान तेवढे कळवितात, निदान चार उपग्रहांच्या जबानीवरून ग्राहकयंत्र नौकेच्या स्थानाचे अनुमान करते, आणि त्या अनुमानाचा निष्कर्ष सुकाणूवरच्या माणसापर्यंत केवळ शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याची साक्ष, होऊन पोहोचतो. हा शब्द त्याने का मानावा? मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, म्हणतील, ज्ञान उपजताच प्रमाण असते. त्याचे अप्रामाण्य मात्र बाहेरून, म्हणजे विरोधी प्रत्यय आल्याने किंवा ज्ञानाच्या कारणातला दोष उघडकीस आल्याने कळते. नैयायिकांच्या मते प्रामाण्यदेखील बाहेरूनच, त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल झाली की सिद्ध होते. यावर मीमांसकांचा आक्षेप असा की, मग पहिल्या साक्षीदारासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा असा शोध कधीच थांबणार नाही.

सालेकशावरून हावडा-मुंबई मार्गाच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत दरेकशाच्या जंगलाकडे जातात, आणि त्यांचा चालक हिरवा दिवा दिसल्यावर खाली उतरून पुढचे रूळ तपासत नाही. तो पक्का मीमांसक आहे. त्याचा विश्वास आंधळा ठरत नाही याचे कारण असे की, सिग्नलची यंत्रणा बिघडली तर दिवा लाल व्हावा, अशी तिची योजनाच आहे. आपले अज्ञान ती स्वतः जाहीर करते.

समुद्रावरील यंत्राला हा शिरस्ता नेहमीच ठाऊक असतो असे नाही. जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बोस्टनकडे निघालेल्या 'रॉयल मॅजेस्टी' या प्रवासी जहाजाच्या जीपीएसची तार प्रस्थानानंतर थोड्याच वेळात अँटेनापासून निखळली; यंत्राने मौन न धरता केवळ वेग व दिशा यांवरून, प्रवाह आणि वारा हिशेबात न घेता, स्थान सांगणे चालू ठेवले, आणि या बदलाची वर्दी पडद्यावर बारीकशा अक्षरांत दिली. ती अक्षरे सुमारे ३४ तास कोणी मनावर घेतली नाहीत. १० जूनच्या रात्री ते जहाज आपल्या मार्गापासून १७ सागरी मैल सरकून नॅन्टकेटजवळच्या उथळ वाळूवर चढले. नवल हे की, त्याच जहाजावर जमिनीवरील केंद्रांकडून संदेश घेणारे 'लोरान' हे दुसरे यंत्र खरे स्थान दाखवीत होते. त्याची साक्ष काढण्याची तसदी कोणी घेतली नाही.

येथे यंत्र खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी आप्त, म्हणजे विश्वासार्ह वक्ता, कोणाला म्हणावे ते सांगितले आहे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो, आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही त्यांनी उदारपणे नमूद केले आहे. यंत्रालाही ते लावून पाहावे. तसे केल्यास खरेदीच्या वेळी विचारावयाचा पहिला प्रश्न किती मीटरांपर्यंत अचूक हा राहत नाही (विक्रेते नेमके तेवढेच सांगतात). स्वतःला कळेनासे झाल्याचे यंत्र किती मोठ्याने सांगते, हा ठरतो. तसेच एकाच उपग्रहसमूहावर विसंबणारी दोन यंत्रे घेणे म्हणजे एकाच साक्षीदाराची जबानी दोन कारकुनांकडून लिहवून घेणे होय. खोलीमापक समुद्रतळाला विचारतो, चुंबकीय होकायंत्राला विजेची गरज नाही, म्हणून त्यांची साक्ष वेगळी.

मीमांसकांनी वेदाला दिलेली निःशंकता दिशादर्शक यंत्राला देणे, मला वाटते, त्यांनाही रुचले नसते. वेद त्यांच्या मते अपौरुषेय. कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत. यंत्र मात्र पुरते पौरुषेय आहे. आपल्या 'नाविक' या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीतील, जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहाची तीनही अणुघड्याळे पुढे निकामी झाली. आणि घड्याळे ठीक असूनही घात होतो: नोव्हेंबर २०१४ मध्ये 'टीम वेस्टास विंड' ही शर्यतीची नौका हिंदी महासागरात कारगाडोस काराजोसच्या प्रवाळांवर आदळली, तेव्हा तिचे पडद्यावरील स्थान अचूक होते, परंतु पाहिलेल्या नकाशाच्या लहान प्रमाणात प्रवाळच उमटले नव्हते.

तरीही अखंड संशय हा उपाय नव्हे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकट्याने निघाले आणि पुढील मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. एकट्या नाविकाला झोपावे लागते, आणि झोपेत तो नैयायिक राहू शकत नाही. बंदरात असताना चिकित्सा आणि दर्यावर विश्वास, एवढी वाटणी मला मान्य आहे, मात्र विरोधी साक्षीसाठी कान उघडे ठेवण्याच्या अटीवर.

नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ च्या 'गोल्डन ग्लोब' या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरले तेव्हा नियमानुसार उपग्रहाचे मार्गदर्शन वर्ज्य होते. सेक्स्टंट आणि कागदी नकाशे यांवरच सारी मदार. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर इजा झाली, आणि ते जागचे हलू शकेनात; परंतु त्यांची नौका कोठे आहे हे शर्यतीच्या चालकांना उपग्रहांमार्फत ठाऊक होते. आपण कोठे आहोत हे आपल्याला नसले तरी कोणाला तरी ठाऊक आहे, असे भाविक माणूस ईश्वराविषयी म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खोडण्याचे धाडस मी करणार नाही. फक्त ते स्थान ठाऊक असूनही तेवढ्यावर न थांबता भारतीय नौदलाच्या विमानाने नौका प्रत्यक्ष पाहून घेतली, आणि मगच 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज तिच्यापाशी पोहोचले, एवढे नोंदविणे भाग आहे.