दाणा न खाणारें पांखरूं

जेवणापूर्वीं काकबळी ठेवावा, अंगणांत मूठभर जोंधळे टाकावे, चिमण्या जमल्या कीं समाधान मानावें. आमची भूतदया आजवर अशी फार स्वस्तांत पार पडत आली. परंतु जें पांखरूं दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं, त्याचें काय करावें?

इंग्लंडांत संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांपुढें हा प्रश्न कार्तिक-मार्गशीर्षांत उभा राहतो. तेथील परसांत वावरणारे रॉबिन व रेन हे मुख्यत्वें किड्याकोळ्यांवर जगणारे पक्षी. गारठा वाढला कीं किडे सालींखालीं, मातींत दडतात. डिसेंबरांत लंडनला दिवस आठ तासांचाही नसतो. आणि जेमतेम दहा ग्रॅम वजनाच्या रेनला उरलेली रात्र दिवसा सांठविलेल्या चरबीवर काढावी लागते. एरवीं एकमेकांस हद्दींत येऊं न देणारे हे पक्षी उबेसाठीं एकाच ढोलींत दाटीनें झोपतात. १९६९ सालीं नॉर्फकमधील एका लांकडी पेटींत ६१ रेन मोजले गेले. १९६२-६३ च्या भयंकर हिवाळ्यांत तर त्यांची संख्या फारच घटली.

तेव्हां त्यांस घालावें काय? बाजारांत मिळते ती गुरांची चरबी, नाहीं तर पिठांत वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. चरबीचें नांव काढतांच आमच्या घरांतील वडील मंडळी हात धुवावयास उठतील! अळ्यांविषयीं कोणी म्हणतात, पांखरूं उन्हाळाभर तेंच खातें. मग आमच्या हातून खाल्लें तर काय बिघडलें? आम्हांस हा युक्तिवाद पटत नाहीं. बागेंतील अळीस पानाआड लपतां येतें. वाडग्यांतील अळीस येत नाहीं. 'वाळलेल्या आणल्या, त्या आधींच मेलेल्या होत्या' हें तर खाटिकाच्या गिऱ्हाइकाचें नेहमींचें उत्तर. सौम्य चीज किसून घातलें तर रॉबिन तेंही खातो. ही पळवाट आम्हांस प्रिय आहे, हें कबूल करतों. पालापाचोळा न झाडतां राहूं दिला तर किडेही टिकतात व पांखरूं आपलें आपण वेंचून खातें. परंतु सर्वत्र बर्फ पडलेलें असतां हा उपदेश काय कामाचा?

अशा सकाळीं, घरांत दुसरें कांहीं नसेल तर, अळ्या घालाव्या असेंच आम्ही म्हणूं. मात्र त्यास पुण्य म्हणूं नये. आणि एकदां घालूं लागल्यावर ऐन थंडींत घर बंद करून गांवाला जाऊं नये. जाणें भागच असेल तर शेजाऱ्यास सांगून ठेवावें. पहांटेच्या अंधुक उजेडांत रॉबिन कुंपणावर येऊन रिकाम्या वाडग्याकडे पाहतो, तेव्हां दुसरें घर शोधावयास त्याच्यापाशीं फारसा वेळ उरलेला नसतो.