मर्यादा कशासाठीं?

मनुष्यानें स्वतः आंखलेली मर्यादा पुढें त्यालाच जाचूं लागली, तर ती त्यानें पाळावी कीं हलवावी, हा नीतिविचारांतील जुना प्रश्न आहे. एक पक्ष म्हणतो कीं, अडचण येतांच जी सरकते तिला मर्यादा हें नांव देणेंच व्यर्थ. दुसरा म्हणतो कीं, जी रेषा आम्हीं आंखली ती पुसण्यासही आम्हीच मुखत्यार आहों. हा वाद बहुधा राज्यें, धर्म, विवाह असल्या थोर उदाहरणांनीं लढविला जातो, आणि उदाहरण थोर असलें म्हणजे मनोविकारही प्रबळ होतात. म्हणून आम्ही तो आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणावर घांसून पाहणार आहों. संगणकाच्या हार्ड डिस्कवर जीं पार्टिशनें पाडलेलीं असतात, तीं जागेच्या टंचाईमुळें लहानमोठीं करावीं काय, व करावयाचीं तर कोणत्या नियमानें, एवढाच आमचा विषय आहे.

संगणक जोडून देणारे दुकानदार एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देत, हें वाचकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. सी मध्यें विंडोज व इतर प्रोग्राम राहावयाचे. डी मध्यें घरचा संसार, म्हणजे फोटो, गाणीं, हिशेब, मुलांचे निबंध. हेतु असा कीं, विंडोज बिघडून नव्यानें घालण्याची पाळी आलीच तर सी खुशाल पुसावा, डी ला धक्का लागूं नये. पुढें कांहीं वर्षें लोटतात. विंडोजच्या सुधारणांनीं सी तुडुंब भरतो, आणि शेजारचा डी निम्माशिम्मा रिकामा असतो. एका वाड्याची वाटणी होऊन धाकट्याच्या दोन खोल्यांत दहा माणसें कोंबलेलीं आणि थोरल्याचें माजघर ओसाड, अशांतलाच हा प्रकार होय.

आतां या दोहोंमधील भिंत कशाची आहे तें पाहूं. डिस्कवर खरोखरीची भिंत कोठेंच नसते. १९८३ सालीं डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर जी पद्धति आली, तींत डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांत ६४ बाइटांचा एक तक्ता असतो. त्यांत १६ बाइटांच्या चार ओळी, आणि प्रत्येक ओळींत अमुक भाग कोठें सुरू होतो व किती लांब आहे याची नोंद. अलीकडील संगणकांत तक्ता अधिक मोठा व अधिक सुरक्षित झाला आहे, पण तत्त्व तेंच. सातबाऱ्यावरील नोंदीसारखी ही केवळ नोंद आहे. हें कळतांच दुसऱ्या पक्षाचा मनुष्य हर्षानें म्हणेल, ‘मग चार आंकडे बदलले कीं काम झालें!’

येथेंच तो चुकतो. भिंत कल्पित असली तरी तिच्या भरंवशावर ठेवलेलें सामान कल्पित नसतें. म्हणून या कामांत क्रमाला फार महत्त्व आहे. ज्या भागानें जागा सोडावयाची, त्यानें आधीं आपल्या सर्व फाइली आंतल्या बाजूस आवरून घ्यावयाच्या, आपला पसारा आटोपता घ्यावयाचा, आणि मगच सीमा मागें सरकवावयाची. ज्याला जागा मिळावयाची, त्याची सीमा आधीं पुढें न्यावयाची आणि मग त्यानें पसरावयाचें. हा क्रम उलटा झाला तर सीमेबाहेर पडलेल्या फाइली बेवारस होतात.

दुसरी अडचण याहून विचारणीय आहे. २००७ सालच्या विस्टापासून विंडोजमध्यें सीमा हलविण्याची सोय आली. परंतु तींत डी आखडला असतां जागा सुटते ती त्याच्या शेवटाला, आणि सी ला वाढावयास लागते ती अगदीं आपल्या पाठीला लागून असलेली. ती जागा मिळवावयाची तर सबंध डी पुढें सरकविला पाहिजे. जीपार्टेडसारखे प्रोग्राम तें करतात. पण त्यांस सारें सामान उचलून दुसरीकडे मांडावें लागतें, त्यास तासच्या तास लागतात, आणि मध्येंच वीज गेली तर किती उरेल याची शाश्वती नाहीं. म्हणजे गरज सी ची आणि धोका डी ला! आमच्या मतें नीतीचा खरा प्रश्न हाच. संगणक दुरुस्त करावयास बसणारा घरांत एक असतो. डी मधील फोटो बहुधा आईचे, हिशेब वडिलांचे. सीमा हलविण्याचा त्याला अधिकार असेल, पण दुसऱ्याची ठेव पणास लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? त्यानें आधीं त्यांस विचारावें, आणि सर्वांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ठेवावी. निराळ्या डिस्कवर, असें आम्ही मुद्दाम म्हणतों. सी मधील वस्तु डी मध्यें ठेवून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. पण विभाग कितीही पाडले तरी डिस्क एकच, आणि ती बंद पडली तर सारे भाग एकदमच जातात.

कोणी म्हणेल, सीमा हलविण्यापेक्षां केरकचरा काढावा. हें म्हणणें अर्धें खरें आहे. सीमा सरकविल्यानें जागा तसूभरही वाढत नाहीं. ती एकाची दुसऱ्याला मिळते, इतकेंच. आय. बी. एम. कंपनीच्या १९५६ सालच्या पहिल्या डिस्कयंत्रांत ५० तबकड्या मिळून ५० लक्ष अक्षरें मावत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोच तितकी जागा खातो. जागा वाढली तशी हांवही वाढली. तेव्हां तात्पुरत्या फाइली, विंडोजची जुनी आवृत्ति, पुसून टाकलेल्या पण टोपलींत पडून असलेल्या वस्तु यांची विल्हेवाट आधीं लावावी, हें योग्यच. परंतु तेवढ्यानें न भागल्यास, दुकानदारानें एके काळीं अंदाजानें घातलेला आंकडा राखण्यासाठीं मुलांचे बाळपणींचे फोटो पुसणें हा संयम नव्हे. तें जड वस्तूस देव मानणें होय.

मर्यादेचें पावित्र्य तिच्या जागेंत नसून तिच्या हेतूंत असतें, असें आम्हांस वाटतें. डी सुरक्षित राहावा म्हणून जी रेषा आंखली, ती डी सुरक्षित राखून हलविली तर मोडली असें होत नाहीं. आणि ती जेथल्या तेथें ठेवूनही डी ची दुसरी प्रत कोणीच काढली नाहीं, तर ती पाळली असेंही होत नाहीं. गरज खरी आहे काय, देणाऱ्यानें आपलें आधीं आवरलें आहे काय, आणि नुकसान झाल्यास तें ज्याला सोसावें लागेल त्याची संमति व सोय झाली आहे काय, हे तीन प्रश्न विचारून जो रेषेला हात घालील, त्याला मर्यादाभंगाचा दोष लावण्यास आम्ही तयार नाहीं. मोठ्या मर्यादांच्या वादांतही हेच प्रश्न आधीं विचारले जावे.