मरी म्हणजे कोण?

2015 सालच्या मे महिन्यात कझाकस्तानच्या माळावर सायगा जातीची दोन लाखांहून अधिक हरणे अवघ्या तीन आठवड्यांत मेली. वीण चालू होती. माद्या पडल्या, पाठोपाठ पाडसे. कळपच्या कळप संपले. शास्त्रज्ञ याला 'सामूहिक मृत्यू' म्हणतात. आपल्या गावात त्याला एकच शब्द होता : मरी.

तो शब्द उच्चारला की मागोमाग मरीआई आली, कोंबडे आले, आणि कोणाच्या तरी पापाचा शोध आला. ते पाप कोणत्या वस्तीत सापडे, हे तुम्हांला सांगायला नको.

शास्त्रज्ञांना सापडले ते वेगळेच. पाश्चुरेला नावाचा तो जिवाणू धडधाकट सायगांच्या घशात एरवी निमूट राहत असे. त्या दिवसांत उष्मा व दमटपणा नेहमीपेक्षा फार वाढला, आणि तो रक्तात उतरला. आपल्या म्हशींना पावसाळ्यात होणारा घटसर्प तो हाच. कारणे जुळली, तेव्हा घडले. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद याहून निराळे काय सांगतो?

तुम्ही विचाराल, त्या पाडसांचे काय चुकले? मागील जन्मीचे कर्म म्हणाल, तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारलेला हिशेब पुन्हा मांडाल. त्याच हिशेबाने आपल्याला अस्पृश्य ठरविले होते!

काही घरांत बुद्धमूर्तीमागे मरीआईचा टाक अजून आहे, मी पाहिला आहे. त्या घरच्या आईला मी दोष देत नाही. दुभती म्हैस मेल्यावर तिने रडावे तरी कोठे? मात्र घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वीच टोचावी लागते. गुरांच्या दवाखान्यात आताच चौकशी करा.