पाचवं चाक

आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेल्या गाडीची डिकी बघा. हापूसच्या पेट्या, एखादा फणस, कोकम सरबताच्या बाटल्या, आणि या सगळ्याच्या तळाशी स्टेपनी! आंबा घाटात टायर पंक्चर झाला, की आधी पेट्या रस्त्याकडेला मांडायच्या. येणारेजाणारे भाव विचारतात, तो भाग वेगळा. मग कळतं, स्टेपनीतही हवा नाही. पंपावर आपण चारच चाकं तपासलेली असतात.

स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. १९०४च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवलं. इंग्रज तो शब्द विसरले, आपल्याकडे तो पंक्चरवाल्याच्याही तोंडी आहे.

आज पेट्या भरण्याआधी पाचव्या चाकात हवा भरून घ्या. जॅक आणि पाना मात्र सीटखाली.