निगा आणि निर्मिती

जे काम केल्यावर मागे काहीच दिसत नाही, त्या कामाचे मोल काय? प्रश्न दिसावयास पुस्तकी आहे. परंतु लहान शेतकऱ्याच्या अंगणात तो रोज पहाटे उभा राहतो. गोठ्यातले शेण काढून जमीन कोरडी करावी, तर दुपारपर्यंत ती पुन्हा तशीच होते. धार काढून दूध डेअरीवर पोचते करावे, वैरण घालावी, जनावरांना पाणी दाखवावे. दारात ट्रॅक्टर असल्यास त्याचे तेल, रेडिएटरातील पाणी आणि टायरांतील हवा पाहावी, ग्रीसगन घेऊन सांध्यासांध्यांत ग्रीस भरावे. उद्या हे सारे पुन्हा आहेच. वर्षअखेरीस या खटाटोपाचे दाखविण्याजोगे फळ कोणते, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एवढेच की, ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडला नाही व म्हैस आजारी पडली नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी कोणाचा सत्कार करीत नाही.

नवे वाहन दारी येते त्या दिवशी नारळ फुटतो, कुंकू लागते, पेढे वाटले जातात. दसऱ्याला त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते. यात वावगे काही नाही. परंतु मधल्या दिवसांत त्या यंत्राचे दैव एका क्षुद्रशा वाटीवर अवलंबून असते. पुष्कळशा ट्रॅक्टरांत इंजिनाकडे जाणारी हवा आधी तेलाच्या वाटीवरून जाते व धूळ त्या तेलात अडकते. नांगरटीच्या दिवसांत वाटीत गाळ लवकर साचतो. तो काढून नवे तेल घालावयाचे, एवढेच काम. ते टाळले तर त्या दिवशी काही होत नाही. पुढच्या आठवड्यातही होत नाही. बारीक धूळ मात्र आत जाऊन पिस्टनच्या कड्या व लायनर घाशीत राहते, आणि पुढे केव्हातरी धुराड्यातून निळसर धूर येऊ लागतो. तेव्हा दोष कोणत्या दिवशी घडला हे कोणालाच सांगता येत नाही. या कामातील नैतिक अडचण, मला वाटते, येथेच आहे. अपराध आणि शिक्षा यांत इतके अंतर पडते की मधल्या काळात आळशी आणि दक्ष माणूस अगदी सारखेच दिसतात.

हॅना आरेंट या विदुषीने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात श्रम आणि निर्मिती असा भेद केला आहे. निर्मितीतून टिकाऊ वस्तू उत्पन्न होते. श्रमाचे फळ लगेच खर्ची पडते व श्रम पुन्हा उभा राहतो. जग रोज स्वच्छ ठेवण्यास लागणाऱ्या चिकाटीला पराक्रम म्हणण्यास त्या तयार नाहीत. हर्क्युलिसने ऑजियस राजाचा तुंबलेला गोठा साफ केला, हा पराक्रम ठरला. परंतु तो एकदा साफ केल्यावर साफच राहिला, म्हणून! त्या गोठ्यात दुसऱ्या दिवशी शेण पडले असते तर ग्रीक कवींनी ते गाइले असते की नाही, याची शंकाच आहे.

हा भेद खोटा नाही. परंतु निगेला नुसत्या श्रमाच्या खात्यात टाकणे मला पटत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी करतात. जुवाखाली राबलेल्या खांद्याला हळद व तूप किंवा लोणी चोळतात. त्या विधीत हात खांद्यावरून फिरतो तेव्हा कोठे गाठ आली आहे, कोठे कातडे सोलवटले आहे, हे कळून येते. गाडीचेही तसेच. कडक उन्हाळ्यात लाकूड आक्रसते व चाकाची लोखंडी धाव सैल पडते. जाणता शेतकरी चाकाचा आवाज ऐकूनच ते ओळखतो व चाक पाण्यात भिजत घालतो. हात तेच काम पुन्हा करीत असले तरी लक्ष रोज नवे द्यावे लागते. कालचे लक्ष आज उपयोगी पडत नाही.

आपल्या जुन्या गावगाड्याला हे मर्म एका बाजूने उमगले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात बलुतेपद्धतीचे बारकाईने वर्णन आहे. सुतार-लोहार औतांची दुरुस्ती वर्षभर करीत व सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा घेत. नवी गाडी घडविली तर तिचे दाम बहुधा निराळे. म्हणजे मोबदला मोडण्याचा नव्हे, चालू राहण्याचा होता. औत कमी मोडेल तेवढा सुताराचा फायदा. आजच्या गॅरेजाचा हिशोब नेमका याच्या उलट आहे.

तथापि या पद्धतीचे गोडवे गाणारांनी तिची दुसरी बाजू झाकू नये. कोणी काय सांभाळावयाचे हे तेथे जन्मानेच ठरे, आणि गावाचे सर्वांत अप्रिय काम ज्यांच्या माथी मारले होते त्यांना ते सोडण्याची मुभा नव्हती. महार वतनाच्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, ते उगीच नव्हे. ‘सेवा थोर आहे’ हे वाक्य सेवा घेणाऱ्याच्या तोंडी आले म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. हीच गोष्ट घरातही घडते. पहाटेचा गोठा बहुधा बाईकडे असतो आणि तिच्या कष्टाळूपणाची स्तुती पुरुष करतो. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. अशा स्तुतीपेक्षा सकाळी हातात खराटा घेणे बरे. ट्रॅक्टरचे ग्रीस पुरुषाचे आणि शेण बाईचे, ही वाटणी कोणत्या शास्त्राने केली कोण जाणे.

सरकारी हमीभावाच्या हिशोबात कुटुंबाच्या बिनपगारी श्रमाची अंदाजी किंमत धरली जाते. हे योग्यच आहे. परंतु त्या रकान्यात हातांची मजुरी मांडता येते, कानांची येत नाही.

मोजमाप होते ते क्वचित, जुना ट्रॅक्टर विकावयास निघाला म्हणजे. जाणकार गिऱ्हाईक रंगाकडे पाहत नाही. तो तेलपट्टी ओढून तेल दोन बोटांत चोळून बघतो, हवेच्या वाटीतला गाळ पाहतो, थंड इंजिन चालू करावयास लावून धुराचा रंग न्याहाळतो; आणि किंमत विचारण्याआधी विचारतो, “वापर कोणाच्या हातचा आहे?”