माध्यमांतर आणि वाचकाचा हक्क

आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून बाहेर पडणारा वाचक बहुधा एकच तक्रार करतो: हे तसे नव्हते. दोन माध्यमे भिन्न, त्यांची व्याकरणे भिन्न, असे म्हणून समीक्षा ही तक्रार भाबडी ठरवते व पुढे जाते. परंतु तक्रार करणारा माध्यमाविषयी बोलतच नसतो. आपला विश्वासघात झाला, असे त्याला म्हणायचे असते. आणि विश्वासघात हा नीतीच्या प्रांतातला शब्द आहे. तेव्हा प्रश्न असा की, दिग्दर्शकाने वाचकाला कोणते वचन दिले होते?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर केलेला चित्रपट (१९९५) यांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. माडगूळकरांचे गद्य अत्यंत मितव्ययी आहे. कारभारी, अंजी, आनंदा रामोशी ही माणसे ते मोजक्या रेषांत उभी करतात व उरलेली जागा मोकळी सोडतात. वोल्फगांग इझर यांनी फील्डिंगच्या 'टॉम जोन्स'वरील चित्रपटाचा दाखला देऊन म्हटले आहे ते येथे लागू पडते: वाचकाच्या मनात नायकाचे नेमके चित्र नसतेच, आणि पडद्यावरचा नेमकेपणा त्याला म्हणूनच उणा वाटतो. वाचक ज्याला 'माझा कारभारी' म्हणतो तो चेहरा नसून एक शक्यता असते. चंद्रकांत मांढरे कारभारी म्हणून समोर येतात तेव्हा ती मिटते. शिवाय १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'मधील त्यांची भूमिका ज्याच्या स्मरणात आहे, त्याच्यासाठी तो चेहरा एकटा येत नाही. कादंबरीतील कारभाऱ्याला असा पूर्वेतिहास नव्हता.

मात्र ही मोकळी जागा वाचक कशाने भरतो, याकडे इझर यांच्यापेक्षा अधिक बारकाईने पाहायला हवे. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात कपिलधार आहे. त्या परिसरातला एखादा वाचक कल्पावा. माणदेश त्याने पाहिलेला नाही. मेंढरे मरतात, माणसे एकेक करून वाडी सोडतात, हे वाचताना त्याच्यासमोर त्याचेच गाव उभे राहते: १९७२ च्या दुष्काळाच्या घरी ऐकलेल्या गोष्टी, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या टोळ्या. हे वाचन खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. कादंबरी त्याच्यापर्यंत पोचली ती याच वाटेने. तरीही औंध संस्थानातल्या धनगरांचे दुःख त्याने आपल्या दुःखाचे रूपक करून टाकले, हेही खरे. चित्रपट जेव्हा धनगरांची घरे, त्यांचा माळ, त्यांची मेंढरे दाखवतो, तेव्हा वाचकाचे काही हिरावले जाते. परंतु जे हिरावले जाते ते मुळात त्याच्या मालकीचे होते काय? निष्ठेचे ऋण असलेच तर ते आधी ज्यांच्यावर कादंबरी लिहिली गेली त्यांचे असावे.

याच बाजूने चित्रपटाच्या पदरात आणखी एक गोष्ट टाकावी लागते. कादंबरीत तरुण मास्तर हा निवेदक आहे. त्याच्या डोळ्यांनी वाडी दिसते, तो स्वतः दिसत नाही. कॅमेऱ्यापुढे तो वाडीतल्या इतरांसारखाच एक दृश्य माणूस होतो. अंजीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात अढी बसते, तो भाग वाचताना वाचक नकळत मास्तरच्या बाजूला असतो. पडद्यावर बाहेरून आलेला हा तरुण वाडीला कसा दिसत असेल, हेही दिसू लागते. प्रथमपुरुषी निवेदनाचा जिव्हाळा येथे गमावला जातो खरा, पण त्याबरोबर त्यातली सोयीस्कर निष्पापताही जाते.

कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दिंड्यांतून चालत येणाऱ्यांपैकी अनेकांच्या कानांत 'परमरहस्या'च्या ओव्या पारायणातून मुरलेल्या असतात. समाधीपुढे उभे राहून 'हे माझ्या मनातल्यासारखे नाही' असे त्यांतला कोणी म्हणत असेलसे वाटत नाही. हे साम्य अर्थात ताणू नये. तत्त्वग्रंथ आणि कादंबरी यांत अंतर आहे, आणि यात्रेकरू प्रेक्षक नव्हे. पण सामुदायिक श्रवणात ग्रंथावर 'माझा' असा शिक्का बसत नाही. एकांतातल्या मूक वाचनाने कादंबरीला तो बसवला आहे आणि चित्रपटगृहात शेकडो माणसांत बसल्यावर तोच पुसला जातो.

तरीही कपिलधारच्या त्या वाचकाचे दुःख पुरते निकाली निघत नाही. यात्रा भरते तेव्हा आजूबाजूच्या गावांतून टोळ्या निघून गेलेल्या असतात. घरांना कुलपे, ओट्यावर म्हातारी माणसे, त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे. हे सारे तो इतकी वर्षे 'बनगरवाडी'तून पाहत आला. आता त्या वाडीला तिचा माळ आणि तिची माणसे परत मिळाली आहेत, आणि त्याच्या गावापाशी मात्र उसनी घेतलेली कादंबरीही उरलेली नाही.