पाणपोई कोणाची?

वाशीमला बालाजीच्या दर्शनाला जाणाऱ्या माळकऱ्यांना तिथला देव तलाव ठाऊक असेल. मंदिर आणि तलाव ही दोन्ही कामे अठराव्या शतकातली, भोसल्यांचे सरदार भवानी काळू यांनी केलेली. आता विचारतो, माउली, तो तलाव कोणाचा? भवानी काळूंचा, देवाचा, की गावाचा? प्रश्न पोरकट वाटेल. पण शास्त्रकारांनी त्यावर पुष्कळ खल केला आहे.

आपण सरसकट सगळ्याला दान म्हणतो. धर्मशास्त्र तसे म्हणत नाही. गाय दिली, वस्त्र दिले, तर घेणारा ठरलेला असतो. एकाची मालकी सुटते, दुसऱ्याची लागते. ते दान. विहीर, तळे, पाणपोई यांचा मात्र उत्सर्ग करायचा असतो. उत्सर्ग म्हणजे सोडून देणे, सर्व भूतांसाठी. आणि गंमत पहा, दिलेली गाय दात्याने पुन्हा पिळली तर दोष. पण सोडलेल्या तळ्याचे पाणी त्याला खुशाल पिता येते. का? तर तोही सर्वांतलाच एक म्हणून. गेला तो धनी, परत आला तो तहानेला वाटसरू!

मग नावाचे काय? मुंबईस कोटात रतनशी मूळजी जेठा या कापसाच्या व्यापाऱ्याने 1894 साली पिण्याच्या पाण्याचे दगडी कारंजे बांधविले, ते पंधराव्या वर्षी गेलेल्या मुलाच्या, धरमसीच्या, स्मरणार्थ. लेकराच्या नावाने कोणाची तहान भागावी असे बापाला वाटले, त्यात अहंकार कसला? माझी हरकत पाटीला नाही. पाटीच्या आड उभे राहून ‘तू पी, तू नको’ म्हणणाऱ्याला आहे.

असे म्हणणारे धर्माचेच नाव घेत, हे विसरून चालणार नाही. पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. हौद खाजगी, पण उत्सर्ग खरा. उलट महाडचे चवदार तळे सार्वजनिक. 1924 साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथे ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा मागाहून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. गुरे पीत होती तेव्हा कोणी शुद्धी केली नव्हती. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडले.

नाथांनी कावडीतली गंगा तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आम्ही बुवा मंडळी रंगवून सांगतो. श्रोते डोळे पुसतात. पण ज्या गावात ती रंगली, त्या गावच्या विहिरीवर कोण दूर उभे राहून घागर भरून मिळण्याची वाट पाहत असे, हे किती बुवांनी विचारले? असो.

शेगावची पालखी आमच्या जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी पंढरीला जाते. त्या वाटेवर रांजण मांडणाऱ्यांना एवढेच विचारतो: दिंडी पुढे गेल्यावर, गळ्यात माळ नसलेला एखादा मजूर तिथे थांबला, तर ओगराळे त्याच्या हाती द्याल ना?